स्टेटलेस लावलं तरी सेशन बनतातच? आधी बनवतंय कोण ते पकडा

गेल्या दोन-अडीच वर्षांत सेशनचा (सेशन म्हणजे कोण आलंय याची सर्व्हरने ठेवलेली नोंद, स्टेटलेस म्हणजे ती न ठेवणं) हा एकच प्रॉब्लेम आमच्याकडे चार वेळा आला, दर वेळी वेगळं तोंड घेऊन आला आणि दर वेळी आम्ही आधी भलतीकडेच खणत बसलो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. स्प्रिंग बूट (जावात वेब ॲप्लिकेशन बनवायला) आणि स्प्रिंग सिक्युरिटी (त्याचं लॉगिन आणि परवानग्या सांभाळायला) वापरणाऱ्यांसाठी आहे. क्लासची, सेटिंगची नावं देवनागरीत लिहिलीयेत, आयडीईत पहिली चार अक्षरं टाकली की बाकीचं सुचतंच, त्यामुळे अडायला नको.

आधी सीन. आम्ही नाशिकला सातपूरमध्ये बसतो, तीन डेव्हलपर आणि एक टेस्टिंगवाली, बस एवढीच टीम. पिंपळगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी सिस्टीम केलेली आहे. लिलावात माल घेतला की गाडी खळ्यावर येते, काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन, खाली झाल्यावरचं वजन, गोल्टी (बारीक कांदा) किती निघाली, मग शेतकऱ्याची हिशोबपट्टी. खळ्यावरच्या पोरांकडे ॲप असलेले ४० फोन, आणि ऑफिसात शेठ आणि मुनीमजी ब्राउजरवर पॅनेल उघडून बसलेले. प्रत्येक फोन दर ५ सेकंदाला सर्व्हरला विचारतो की नवीन गाडी आली का. (हो, पोलिंग. माहितीये. वेबसॉकेट करायचं राहिलं ते राहिलंच.) ॲपचं लॉगिन जेडब्ल्यूटी टोकनवर (दर रिक्वेस्टसोबत जाणारी सही केलेली ओळखचिठ्ठी), पॅनेलचं साधं फॉर्म लॉगिन.

तर पहिल्यांदा झालं असं की आवक जोरात असली की अकराच्या आसपास सर्व्हर आउट ऑफ मेमरी देऊन पडायचा, आणि ज्या दिवशी लिलाव बंद त्या दिवशी एकदम ठणठणीत. शेठ म्हणे दृष्ट लागली. आम्ही म्हणलं हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, कमी पडतोय. हीप वाढवला की दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग परत फोन यायचा, आणि मी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये गाडीवर बसून फोनवरूनच सर्व्हर रीस्टार्ट करतोय असं दोनदा झालं. शेवटी हीप डंप (त्या मेमरीत काय काय आहे त्याची फाइल) काढला आणि बघितलं तर टॉमकॅटच्या (आमचं ॲप्लिकेशन ज्याच्यावर चालतं तो वेब सर्व्हर) सेशनचे ऑब्जेक्ट हजारोंनी पडलेले. आमच्याकडे लॉगिन करणारी माणसं सगळी मिळून पन्नास नाहीत!

हिशोब मांडल्यावर डोक्यात उजेड पडला. एक फोन मिनिटाला १२ रिक्वेस्ट मारतो, ४० फोनचे झाले ४८०. आमचं ॲप कुकी ठेवतच नाही, टोकन पाठवतं फक्त, त्यामुळे सर्व्हरला प्रत्येक रिक्वेस्ट म्हणजे नवीन पाहुणा वाटतो आणि तो प्रत्येकाला नवीन सेशन काढून देतो. सेशन मरायला डिफॉल्ट ३० मिनिटं लागतात, म्हणजे कुठल्याही क्षणी ४८० गुणिले ३०, १४,४०० सेशन जिवंत. त्यात आमचा शहाणपणा असा की युजरच्या ऑब्जेक्टमध्येच परमिशनची आणि खात्यांची अख्खी यादी भरलेली, एक सेशन २५ केबीच्या आसपास. झाले साडेतीनशे एमबी. बाकी ॲप्लिकेशनला २०० लागायचे, हीप ५१२. म्हणून जवळपास सगळे ४० फोन चालू असले तरच पडायचं, ३० चालू असताना नाही. त्या काळात आम्हाला हे भुताटकीसारखं वाटायचं.

आता सेशन बनवत कोण होतं? आम्ही तर कुठे मागितलंच नव्हतं. तेव्हा आम्ही स्प्रिंग सिक्युरिटी ५ वर होतो, आणि त्या व्हर्जनमध्ये सिक्युरिटी-कॉन्टेक्स्ट-पर्सिस्टन्स-फिल्टर नावाचा फिल्टर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो टप्पा) असतो, तो रिक्वेस्ट संपताना बघतो की कॉन्टेक्स्टमध्ये (त्या रिक्वेस्टपुरती युजरची माहिती ठेवायची जागा) ओळख पटलेला युजर आहे का, असेल तर गुपचूप सेशनमध्ये टाकून ठेवतो. आमचा जेडब्ल्यूटी फिल्टर टोकन तपासून युजर कॉन्टेक्स्टमध्ये ठेवायचा आणि जाताना हा दुसरा फिल्टर त्याला सेशन बनवून द्यायचा. दोघंही आपापलं काम बरोबरच करत होते. उपाय एका ओळीचा होता, सेशन-मॅनेजमेंटमध्ये सेशन-क्रिएशन-पॉलिसी स्टेटलेस करायची.

इथे ती चार ऑप्शनं नीट सांगतो कारण निम्मा गोंधळ नावांमुळेच होतो. डिफॉल्ट आहे इफ-रिक्वायर्ड, म्हणजे स्प्रिंग सिक्युरिटीला गरज वाटली तर ती सेशन बनवते, आणि गरज कुणाची तर तिची, तुमची नाही. ऑलवेज म्हणजे येईल त्याला सेशन, बॉट आला तरी, मला आजपर्यंत याचं काम पडलेलं नाही. स्टेटलेस म्हणजे स्प्रिंग सिक्युरिटी सेशन बनवणार पण नाही आणि असलेलं वापरणार पण नाही. आणि नेव्हर, हे सगळ्यात फसवं. नाव वाचून वाटतं की सेशन कधीच नाही, पण अर्थ आहे की मी स्वतः बनवणार नाही, दुसऱ्या कुणी बनवून ठेवलं असेल तर मात्र वापरेन.

नेव्हरमुळे एक भारी गंमत होते. फॉर्म लॉगिन आहे, पॉलिसी नेव्हर आहे, तरी ब्राउजरमधून लॉगिन मस्त चालतं. का? तर लॉगिन पेज दाखवताना सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटने युजरच्या नावाने रिक्वेस्ट घुसवू नये म्हणून फॉर्ममधली खूण) लागतं, ते टोकन डिफॉल्टने सेशनमध्ये राहतं, म्हणून सीएसआरएफवाला सेशन बनवतो आणि मग लॉगिन त्याच्या जिवावर आपला संसार थाटतं. एके दिवशी कुणीतरी टेस्टिंगसाठी सीएसआरएफ बंद करतं आणि लॉगिन तुटतं, पासवर्ड बरोबर, एरर काही नाही, परत लॉगिन पेज. आता सीएसआरएफचा आणि लॉगिनचा काय संबंध म्हणून माणूस वेडा होतो. त्यामुळे माझं साधं मत, नेव्हर लावायचं तर का लावतोय हे कमेंटमध्ये लिहा, नाही सांगता आलं तर लावू नका.

बरं, स्टेटलेस लावलं, ग्राफ खाली आला, सगळे खूश, मिसळ झाली. महिनाभराने टेस्टिंगवाली म्हणाली, सेशनचा आकडा परत चढतोय, आधीसारखा नाही पण चढतोय. ॲक्चुएटरवर (स्प्रिंग बूटची तब्येत दाखवणारा भाग) टॉमकॅट-सेशन्स-ॲक्टिव्ह-करंट असा मेट्रिक असतो, तो आम्ही आता कायम डोळ्यासमोर ठेवतो, तुम्ही पण ठेवा.

या पोस्टमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: ती पॉलिसी फक्त स्प्रिंग सिक्युरिटीला लागू आहे, तुमच्या ॲप्लिकेशनला नाही. सर्व्हलेट कंटेनरला, म्हणजे आमच्याकडे टॉमकॅटला, त्या सेटिंगचा पत्ताच नसतो. तुमच्या कोडमध्ये, एखाद्या लायब्ररीत, जेएसपी पेजमध्ये (सर्व्हरवर एचटीएमएल बनवणारं जावाचं पेज), कुठेही कुणी रिक्वेस्टवर गेट-सेशन बोलावलं की टॉमकॅट इमानदारीत नवीन सेशन काढून देतो. घरात पाहुण्यांना पाणी द्यायचं नाही असं तुम्ही एका सुनेला सांगितलं, बाकीच्यांना कुणी सांगितलं?

म्हणून सेटिंग इकडची तिकडे करत बसण्याआधी गुन्हेगार पकडा. दोन रस्ते आहेत. पहिला, एनेबल-वेब-सिक्युरिटी या ॲनोटेशनला डीबग ट्रू द्या. मग प्रत्येक रिक्वेस्ट कुठल्या फिल्टर चेनमधून (फिल्टरची एकामागोमाग रांग) गेली ते छापून येतं, आणि मुख्य म्हणजे नवीन सेशन बनलं की बनवणाऱ्याचा अख्खा स्टॅक ट्रेस (कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी) लॉगमध्ये पडतो. हे मला चार वर्षं स्प्रिंग वापरून माहीत नव्हतं, लाज वाटली. फक्त लोकलवर किंवा टेस्ट सर्व्हरवरच करा, कारण ते हेडरसुद्धा छापतं, म्हणजे लोकांची टोकन तुमच्या लॉगमध्ये. दुसरा रस्ता प्रॉडक्शनवर चालतो: एचटीटीपी-सेशन-लिसनर लिहायचा आणि सेशन-क्रिएटेडमध्ये एक नवीन एक्सेप्शन बनवून त्याचा स्टॅक लॉगला टाकायचा, एक्सेप्शन फेकायचं नाही. गर्दी असेल तर शंभरातला एकच छापा, नाहीतर डिस्क भरेल आणि परत शेठचा फोन.

आमच्याकडे दोघं सापडले. एक होता आमचाच ऑडिट फिल्टर, कुठल्या आयपीवरून कोण आलं ते लिहिणारा, त्यात कुणीतरी (मीच, गिट ब्लेम काढला तर माझंच नाव) सेशनचा आयडी लॉगमध्ये यावा म्हणून गेट-सेशन बोलावलेलं. कंसात काही न देता बोलावलं की सेशन नसेल तर नवीन बनतं, नुसतं आहे का बघायचं असेल तर कंसात फॉल्स द्यायचं आणि नल आलं तर सोडून द्यायचं. दुसरा होता हिशोबपट्टी छापायचं जेएसपी पेज. स्टॅकमध्ये पेज-कॉन्टेक्स्ट दिसल्यावर लक्षात आलं, जेएसपीला तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर ते उघडतानाच सेशन घेतं, तुम्ही सेशनचं नाव काढलेलं नसलं तरी. पेजच्या वरच्या डायरेक्टिव्हमध्ये सेशन फॉल्स लिहायचं, झालं. थायमलीफवाले (जेएसपीऐवजी ते वापरणारे) हसत असतील तर त्यांनी सीएसआरएफवाला फॉर्म असलेलं पेज एकदा तपासून घ्या, टोकन लागलं की तिथेही सेशन बनतंच, आणि पेज मोठं असून फॉर्म खाली असेल तर ८ केबीचा बफर आधीच ब्राउजरकडे निघून गेलेला असतो, मग रिस्पॉन्स कमिट झाल्यावर सेशन बनवता येत नाही अशी एरर येते, ती पण कधीतरीच, त्यामुळे अजून वैताग.

तिसरी वेळ आमच्या आगाऊपणाची. स्टेटलेसची एवढी चटक लागली की एका ज्युनियरने कॉन्फिग साफ करताना ॲपची आणि पॅनेलची अशा वेगळ्या असलेल्या दोन्ही फिल्टर चेन एक करून टाकल्या आणि सगळ्यालाच स्टेटलेस लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींचा फोन, दादा, पासवर्ड टाकतो, गोल फिरतं आणि परत पासवर्ड मागतं. लॉगमध्ये लॉगिन सक्सेस! झालंय काय की पासवर्ड तपासला, बरोबर निघाला, होमपेजवर रिडायरेक्ट केलं, पण हा माणूस कोण हे सर्व्हरने कुठेच लिहून ठेवलं नाही, कारण लिहायचं नाही असं आपणच सांगितलंय. पुढची रिक्वेस्ट आली की अनोळखी, चला लॉगिन पेजवर. फॉर्म लॉगिन आणि स्टेटलेस एकत्र नांदत नाहीत, विषय संपला.

याला दोन वेगळ्या फिल्टर चेनच ठेवायच्या. पहिली ऑर्डर १ ची, तिच्यात सिक्युरिटी-मॅचर लावून फक्त एपीआयचे (फोनमधलं ॲप वापरतं ते) पत्ते, पॉलिसी स्टेटलेस, सीएसआरएफ बंद. दुसरी बाकी सगळ्यासाठी, फॉर्म लॉगिन, डिफॉल्ट पॉलिसी, सीएसआरएफ चालू. क्रम उलटा झाला तर मॅचर नसलेली चेन सगळं गिळते आणि एपीआयवाली कधी चालतच नाही. आणि सीएसआरएफ बंद केलं ते आमचं टोकन ऑथोरायझेशन हेडरमधून येतं म्हणून. तुम्ही जेडब्ल्यूटी कुकीत ठेवत असाल तर ब्राउजर ती आपोआप पाठवणार, तिथे सीएसआरएफ बंद करू नका, स्टेटलेस असलं तरी. यावर लोक सर्रास चुकतात.

चौथी वेळ मात्र उलटी होती, सेशन हवं होतं आणि बनतच नव्हतं. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याच्याबरोबर सिक्युरिटी ६, आम्ही गेलो बऱ्याच उशिरा कारण जावा १७ करायचं होतं आणि सर्व्हरला हात लावायची कुणाची छाती नव्हती. वेब-सिक्युरिटी-कॉन्फिगरर-ॲडॅप्टर, ज्या क्लासवर आमचं कॉन्फिग उभं होतं, तो गेलेला, ते कॉन्फिग नव्याने लिहिलं, कंपाइल झालं, पॅनेलचं फॉर्म लॉगिन चालू. पण शेठसाठी ओटीपीने लॉगिन होतं, ते आम्ही स्वतःच्या कंट्रोलरमध्ये लिहिलेलं, ओटीपी जुळला की सिक्युरिटी-कॉन्टेक्स्ट-होल्डरमध्ये युजर ठेवायचा आणि पुढे जायचं. ते बंद पडलं. ओटीपी बरोबर, पुढच्याच क्लिकला बाहेर.

मी दोन दिवस कुकीत शोधत बसलो, सेमसाइट बघितलं, एनजिनएक्सचं कॉन्फिग बघितलं, एचटीटीपीएस बघितलं. कारण निघालं भलतंच. वर सांगितलेला तो पर्सिस्टन्स फिल्टर, जो गुपचूप सेव्ह करायचा, तो ६ मध्ये डिफॉल्टने नाहीये. त्याच्या जागी सिक्युरिटी-कॉन्टेक्स्ट-होल्डर-फिल्टर आहे, तो फक्त वाचतो, सेव्ह करत नाही, सेव्ह करायचं तर ज्याने लॉगिन केलं त्याने स्वतः करायचं. फॉर्म लॉगिनचा फिल्टर हे स्वतःच करतो म्हणून ते चालत होतं. म्हणजे ज्या सवयीने आमचा हीप भरला होता तीच सवय काढल्यावर आमचं ओटीपी पडलं, आणि आम्ही इतकी वर्षं तिच्यावर टेकून बसलोय हे माहीतच नव्हतं.

करायचं असं: नवीन रिकामा कॉन्टेक्स्ट बनवा, त्यात युजर ठेवा, तो होल्डरला द्या, आणि एचटीटीपी-सेशन-सिक्युरिटी-कॉन्टेक्स्ट-रिपॉझिटरीवर सेव्ह-कॉन्टेक्स्ट बोलवा, त्याला रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्ही लागतात. अजून एक, स्वतःच्या कंट्रोलरमधून लॉगिन केलं की सेशन फिक्सेशनचं (हल्लेखोराने आधीच माहीत असलेला सेशन आयडी युजरच्या गळ्यात मारणं) संरक्षणही आपोआप मिळत नाही, म्हणून जुनं सेशन असेल तर चेंज-सेशन-आयडी पण स्वतःच करा, नसताना केलं तर एक्सेप्शन येतं. रिक्वायर-एक्स्प्लिसिट-सेव्ह फॉल्स करून जुनी वागणूक परत आणता येते, रात्री बारा वाजता क्लायंट बोंबलत असेल तर करा, मी पण केलं होतं, पण सकाळी काढून टाका.

अपग्रेडमध्येच एक चिल्लर त्रास झाला, एपीआयमध्ये कुठे एक्सेप्शन आलं की ५०० (सर्व्हरची चूक) ऐवजी फोनला ४०३ (परवानगी नाही) जायचं, पोरं म्हणायची टोकन खराब झालं. टोकन ठीकच होतं. एरर आली की कंटेनर आतल्या आत एररच्या पत्त्यावर पाठवतो, ६ मध्ये त्या फेरीलाही परवानगी तपासली जाते, आणि आमचा फिल्टर वन्स-पर-रिक्वेस्टवाला असल्याने त्या फेरीत डिफॉल्टने चालतच नाही, म्हणजे युजर अनोळखी. एररचा पत्ता परमिट-ऑल केला, सुटला विषय. फिल्टरमध्येच रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूटवाल्या रिपॉझिटरीत सेव्ह केलं तरी चालतं.

शेवटचा एक प्रकार आहे, तो सेटिंगचा नाहीच पण त्याच्यावर दिवस जातो. नवीन आलेला मुलगा म्हणाला, सर, लोकलला पॅनेलमध्ये सारखं लॉगआउट होतंय, मी टाइमआउट ८ तास केला तरी होतंय. त्याच्याकडे पॅनेल ८०८० वर आणि रिपोर्टचं ॲप्लिकेशन ८०८१ वर, दोन्ही लोकलहोस्ट, दोन्ही एकाच ब्राउजरमध्ये. कुकी होस्टच्या नावावर राहते, पोर्टचा तिला काही फरक पडत नाही. दोन्हींची कुकी जेसेशनआयडी याच नावाची, मग रिपोर्ट उघडला की त्याची कुकी पॅनेलच्या कुकीवर बसते, पॅनेल उघडलं की ते उलटं. दोघं एकमेकांना घराबाहेर काढत होते. ॲप्लिकेशन प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हर-सर्व्हलेट-सेशन-कुकी-नेम प्रत्येकाला वेगळं दिलं, आणि त्याचा तो ८ तासांचा टाइमआउट परत ३० मिनिटांवर आणला, कारण पठ्ठ्या तो कमिट करून पुश पण करून बसला होता.